पाटीवरचा उपाशी ठ

"अहो, ठ लहान झालाय," बायको ओरडत होती. "शेवटचा. ठ. ठ हो, ठ."

ती निशातगंजच्या रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर, मी अलीकडे शिडीच्या सातव्या पायरीवर आणि मध्ये अख्खं लखनऊ हॉर्न वाजवत चाललेलं. आमच्या संसारातली सगळी महत्त्वाची बोलणी अशीच झाली आहेत, मधून काहीतरी धडधडत जात असताना. एरवी ती मालगाडी असायची.

"मोजून कापलाय," मीही ओरडलो. "तीनशे मिलिमीटर. बाकीच्यांइतकाच."

"मोजलेला असेल. पण दिसतो लहान."

"दिसण्याला काय अर्थ आहे?"

दुकानाच्या पाटीबद्दल हा प्रश्न विचारायचा नसतो, हे मला शिडीवरच कळलं. पण तोवर तो रस्ता ओलांडून गेला होता. तेवढ्यात एक ई-रिक्षा आमच्या दोघांच्या बरोब्बर मध्ये थांबली. रिक्षावाल्याने मान बाहेर काढून पाटीकडे पाहिलं आणि जाहीर केलं, "भाभीजी सही कह रही हैं. आखिरी वाला बैठ गया है." मग त्याने मागच्या सवाऱ्यांचं मत घेतलं. चारजणांच्या त्या रिक्षात सातजण बसलेले. सातांपैकी सातांनी माझ्या विरुद्ध मत दिलं. त्यातला एकजण चष्मा घरी विसरला होता. त्याने इतरांच्या भरवशावर दिलं.

मी खाली उतरलो. चिडून उतरलो.

माझं चिडणं समजून घ्यायचं तर माझी पस्तीस वर्षं समजून घ्यायला हवीत. मी रेल्वेतला पुलांचा इंजिनिअर. अर्धं आयुष्य ड्रॉइंग ऑफिसात गेलं. माझ्या ड्रॉइंगवर माशी बसायची तीसुद्धा आधी स्केल बघून बसायची. एकदा माझ्या रेषेत अर्ध्या मिलिमीटरचा फरक आहे असं एका साहेबांना वाटलं, तर शेवटी त्यांचाच चष्मा वाकडा निघाला. ही गोष्ट मी आजवर चारशे वेळा सांगितली आहे आणि दर वेळी साहेबांचा हुद्दा थोडा वर गेला आहे. तर अशा माणसाला सांगायचं की तुझा ठ लहान झालाय.

पण पणाला माझी रेष लागली नव्हती. पणाला बायकोचं दुकान होतं.

आमच्या आठ बदल्या झाल्या. प्रत्येक गावी तिने काही ना काही सुरू केलं. एका ठिकाणी शिवणाचा वर्ग, एका ठिकाणी बालवाडी, एका ठिकाणी शिकवणी, ती तर इतकी चालली की मुलं खिडकीत बसून शिकायची. आणि प्रत्येक गावी, मूळ धरतंय न धरतंय तोच, माझी बदलीची ऑर्डर यायची. बायको शिवणाचं मशीन गोणपाटात बांधायची. निवृत्तीनंतर मुलीच्या नोकरीमुळे आम्ही लखनऊलाच, विकास नगरात राहिलो, तेव्हा ती म्हणाली, "आता माझं दुकान. आता राष्ट्रपतींची ऑर्डर आली तरी मी हलणार नाही."

दुकान थालीपिठाचं. सांगलीच्या भाजणीचं, वर लोण्याचा गोळा, बाजूला ठेचा. इकडे कुणी नाव ऐकलेलं नाही, म्हणून तर चालेल, असं तिचं गणित. निशातगंजात जागा मिळाली ती मात्र अशी, की समोर विजेचा ट्रान्सफॉर्मर, त्याच्यामागे कडुनिंब, त्याच्यावरून तारांचा असा गुंता की माकडंही वाट विचारून जातात. आधीचे तीन दुकानदार तिथून उठले होते. माल वाईट नव्हता त्यांचा. दुकान कुणाला दिसलंच नाही. तारा आणि झाड यांच्यामधल्या एका फटीतून काय ती पाटी दिसायची, तीही फक्त पलीकडच्या फुटपाथवरून.

बायकोने हे आधीच हेरलं होतं. तिने माझ्याकडे सगळ्या संसारात मिळून एकच गोष्ट मागितली. "मला पाटी द्या. चालत्या रिक्षातून, चष्मा न लावता वाचता आली पाहिजे. पाडव्याच्या आत. नाहीतर मी फ्लेक्सवाल्याला सांगते."

फ्लेक्सवाल्याने नमुना करून दाखवलाच होता. अकरा रंग, दोन मिरच्या, वाफ, परदेशी मिशांचा एक आचारी आणि कोपऱ्यात बायकोचा पासपोर्टचा फोटो. फोटोत ती फ्लेक्सवाल्याला आत्ता मारणार आहे असं दिसत होतं. मी म्हणालो, हे मी जिवंत असताना होणार नाही.

मी ठरवलं ते असं. पाटीवर एकच शब्द, थालीपीठ. पिवळा पत्रा, काळी ॲक्रिलिकची अक्षरं. आणि अक्षर कसलं, तर ठळक. धष्टपुष्ट. ना शेपटी, ना वळसा, ना बोरूची ती जाड-बारीक नखरेल चाल. सगळ्या रेषा एका जाडीच्या, साठ मिलिमीटर, आणि सगळे गोल एकाच कंपासातून निघालेले. वर्तुळ, चौकोन आणि सरळ रेघ, यापलीकडे एक वस्तू वापरायची नाही. लांबून आणि वेगात वाचायची अक्षरं जगभर अशीच असतात. आलमबागेतून मेट्रो पकडताना मी मुद्दाम पाहून आलो. धावणारा माणूस पाट्यांवरची जाड अक्षरं वाचतो, आणि बारीक अक्षरं वाचणाऱ्याची मेट्रो चुकते.

शिवाय देवनागरी म्हणजे पुलवाल्याची लिपी. वर शिरोरेषेचा गर्डर, त्याला टांगलेली अक्षरं, काना म्हणजे खांब, वेलांटी म्हणजे कमान. हे माझ्याआधी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "लोकांना कामं असतात."

आणि ठ. ठ तर माझं लाडकं अक्षर. गर्डरला एक छोटा दांडा आणि दांड्याला एक जाडजूड कडं. बाहेरून दोनशे मिलिमीटर, मध्ये भोक. दिसायला थेट थालीपीठ. थालीपीठ या शब्दाच्या शेवटी भाषेनेच थालीपीठ काढून ठेवलंय, असं मी मुलीला म्हणालो. ती म्हणाली, "क्या बात है, बाबा," आणि मोबाईलकडे वळली.

तर तो माझा लाडका ठ सात मतांनी पडला.

दुकानापासून चार पावलांवर एक म्हातारे पेंटर बसतात. पूर्वी अर्ध्या निशातगंजच्या पाट्या त्यांच्या ब्रशने रंगलेल्या. आता फ्लेक्समुळे स्कूटरच्या नंबरप्लेटा आणि 'किराये के लिए खाली' एवढंच उरलंय. ते आठवडाभर चहा पीत माझी शिडी बघत होते. एक शब्द बोलले नव्हते. लखनऊत न विचारता चूक दाखवणं हा चुकीपेक्षा मोठा गुन्हा. त्या दिवशी मी स्वतःच गेलो आणि स्टीलची पट्टी त्यांच्यासमोर ठेवली.

"पेंटर साहब, आप ही नापिए. पूरा तीन सौ है या नहीं?"

"हुजूर ने नापा है तो पूरा ही होगा," ते म्हणाले. "मगर भूखा है."

"कौन?"

"आपका ठ. गोल चीज हमेशा भूखी होती है, इंजीनियर साहब. चौकोर जितना खाए, इसे उससे एक निवाला ज्यादा खिलाना पड़ता है."

मग त्यांनी एका जुन्या पत्र्यावर खडूच्या दोऱ्याने दोन समांतर रेषा उमटवल्या. ब्रश बुडवला आणि एक प काढला, खालच्या रेषेवर नीट टेकलेला. शेजारी एका दमात ठ काढला. त्याचं पोट रेषेच्या खाली उतरलं.

"बाहर गया," मी म्हणालो.

"गया नहीं, भेजा है."

"मगर क्यों?"

"देखिए, प के पाँव जमीन पर जमे हैं, पूरी तशरीफ रखे हुए है. और गोल बेचारा लकीर को बस एक नोक से छूता है. आँख उस नोक को गिनती ही नहीं. तो उसे थोड़ा नीचे उतार दीजिए. नापेंगे तो बड़ा है, देखेंगे तो बराबर है."

मी त्यांना आदराने सांगितलं की रेल्वेत असं केलं तर गाडी नदीत जाते. ते म्हणाले, "जी, बेशक. रेल में मत कीजिएगा."

घरी येऊन मुलीला सांगितलं. ती एका कंपनीत मोबाईलच्या स्क्रीनवर काय कुठे दिसावं ते ठरवते. मराठी तिला सगळी कळते, उत्तर हिंदीत येतं. मला वाटलं शिकलेली मुलगी बापाच्या बाजूने उभी राहील. तिने लॅपटॉप उघडला, एक नावाजलेला जाड भौमितिक फॉन्ट काढला आणि एक गोल अक्षर इतकं मोठं केलं की स्क्रीनवर फक्त त्याची ढुंगणाकडची कड उरली. कड रेषेच्या खाली. मी स्क्रीनला स्टीलची पट्टी लावून मोजलं. खालीच.

"बाबा, सब ऐसे ही करते हैं यार. आडवी लाइन भी थोड़ी पतली रखते हैं, नहीं तो खड़ी वाली से मोटी लगती है. और जहाँ दो मोटी लाइनें मिलती हैं, वहाँ थोड़ा काट देते हैं, वरना काला धब्बा बन जाता है."

"म्हणजे भूमिती खोटी?"

"ज्योमेट्री दिखनी चाहिए, बाबा. होना जरूरी नहीं है."

ते ऐकून मी त्या दिवशी दुपारचा चहा घेतला नाही. अर्धाच घेतला.

दुसऱ्या दिवशी बायको भाजणी दळायला चक्कीवर गेली. मी एकटाच दुकानाशी आलो. आणि आठवड्यात पहिल्यांदाच रस्ता ओलांडला. होय, पहिल्यांदाच. पाटी कुठून दिसायला हवी यावर मी तीन ड्रॉइंगं केली होती, पण पलीकडे जाऊन उभा मात्र राहिलो नव्हतो. ड्रॉइंग ऑफिसातल्या माणसाची ही जुनी खोड. पूल कागदावर उभा राहिला की आम्ही डबा उघडतो.

ती रोज उभी राहायची तिथेच उभा राहिलो. तारा, कडुनिंब आणि ट्रान्सफॉर्मरच्या मधून तेवढी एक फट. त्या फटीत माझी पिवळी पाटी. था, ली, पी शिपायांसारखे ताठ उभे, आणि शेवटी ठ, गुडघे टेकलेला, मालकाला हाक मारायला आलेल्या गरिबासारखा. लहान होता. चांगलाच लहान होता. वर शिरोरेषा अशी जड, की खालचा सगळा शब्द तिच्या ओझ्याने आता खचणार. थ च्या सांध्यात तर काळा डाग, जणू कुणी तिथे शाईची दौत सांडली.

पाचेक मिनिटं तसाच उभा होतो. बाजूने माणसं जात होती. एकानेही त्या फटीकडे पाहिलं नाही. मग मला कळलं की आठवडाभर ती ठ बघतच नव्हती. जाणाऱ्या माणसांच्या माना बघत होती. वर होतात का, एवढंच. आठ गावं गोणपाटात बांधलेली बाई ती, तिला मिलिमीटरशी काय देणंघेणं.

मी तडक ॲक्रिलिक कापणाऱ्याकडे गेलो. नवा ठ कापून घेतला, कडं दोनशेऐवजी दोनशेदहा, आणि बाकीच्या अक्षरांच्या रेषेखाली आठ मिलिमीटर लोंबेल असा. शिरोरेषा साठाची चोपन्न केली. सांध्यांत बारीक खाचा मारल्या. माझ्या हाताखालच्या एखाद्या पोराने मंजूर ड्रॉइंगमध्ये एवढे फेरफार केले असते तर मी त्याला गोमतीत उभं करून पुलाची व्याख्या पाठ करायला लावली असती. जुना ठ घरी आणला आणि कपाटावरच्या बॅगांमागे लपवला. पुरावा ठेवू नये, पण टाकवेनाही. शेवटी माझ्या आयुष्यातला सर्वांत अचूक ठ होता तो.

पाडव्याला तीन दिवस राहिले असताना पुन्हा शिडी लावली. या वेळी खाली शिडी धरायला पेंटर साहेब. बायको पलीकडे. तिने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. डोकं डावीकडे केलं, उजवीकडे केलं. मी शिडीवर श्वास धरून. इतका वेळ, की मधल्या काळात वाहतूक पोलीस बदलला असं पेंटर साहेब पुढे लोकांना सांगू लागले. माझी संगत.

"आता बरोबर," ती ओरडली.

"काही बदललेलं नाही," मी ओरडलो. "त्या दिवशी ऊन वेगळं होतं."

खाली पेंटर साहेबांना खोकला आला. खोकला संपल्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "जी हाँ. धूप का बड़ा असर पड़ता है."

उद्घाटन पाडव्याला. लखनऊत त्या दिवशी नवरात्र बसतं, निम्मं शहर उपाशी. इथल्या मराठी मंडळातल्या एका काकांनी सल्ला दिला होता की या दिवशी खाण्याचं दुकान उघडणं म्हणजे पावसात पापड घालणं. बायको हसली होती फक्त. तिने पहिल्या नऊ दिवसांसाठी भाजणी बाजूला ठेवली आणि साबुदाणा, शिंगाड्याचं पीठ, बटाटा, दाण्याचं कूट आणि सैंधव मीठ घालून उपासाची थालीपिठं लावली. दारात गुढी. येणारे-जाणारे विचारत, "डंडे पर साड़ी और लोटा उल्टा क्यों है?" आणि उत्तर ऐकता ऐकता खाऊन जात.

पहिलं गिऱ्हाईक कोण, तर तोच ई-रिक्षावाला. पलीकडून जाता जाता त्याची मान वर झाली. मी स्वतः पाहिली ती मान वर होताना. बायकोनेही पाहिली. तिने हातातला झारा खाली ठेवला आणि पदराने चेहरा पुसला, घाम नसताना. त्याने रिक्षा वळवून आणली, दारात उभा राहिला, वर बघितलं आणि म्हणाला, "आखिरी वाला खड़ा हो गया." सवाऱ्यांसकट आत आला. पुन्हा सातच होते.

त्यानंतर दुकानाचं जे झालं ते मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल वाढवून सांगतो. एकजण म्हणाला पाटी नदीपलीकडून दिसते. एकजण म्हणाला विमानातून दिसते. मी कुणाला खोटं पाडलं नाही.

मुलीने चार अक्षरांवरून पुढे रविवारी बसून बसून अख्खी बाराखडी केली, फॉन्टच झाला. ल आपला मराठी दोन पाकळ्यांचाच ठेवायचा, यावर मी अडून बसलो. ळ पाहून पेंटर साहेब म्हणाले, "माशाअल्लाह, इसके तो दोनों तरफ पेट है," आणि दोन्ही पोटांना एकेक घास वाढवून दिला. मग तो फॉन्ट सुटला. विकास नगरातल्या पार्कात 'फूल न तोड़ें' अशी पाटी लागली, तर लोकांनी फुलं सोडाच, पार्कात जाणं सोडलं. मंडळाच्या गणपतीच्या बॅनरवर तो शोभला. भाचीच्या बाळाच्या बारशाच्या आमंत्रणावर मात्र मी हट्टाने लावला आणि लोक मोर्चाला निघाल्यासारखे आले. एकाने दारातच विचारलं, मागण्या काय आहेत. तेव्हा कळलं की ठळक अक्षर रस्त्यावर जन्मतं, त्याने पाळण्याशी येऊन ओरडू नये.

आणि लोकांना थालीपिठांचंच नवल. "बहनजी, सब एक बराबर कैसे?" असं एका बँकेतल्या साहेबांनी विचारलं. मी लगेच स्टीलची पट्टी काढली. दोनशे मिलिमीटर. दुसरं मोजलं, दोनशे. तिसरं त्यांच्या ताटातलं मोजलं, एक घास गेलेला होता तो धरून दोनशे. मी छाती काढून सांगितलं, "पैंतीस साल इंजीनियर के घर में रही हैं. हाथ में आ जाता है." बायको तव्यावर झाकण ठेवत होती. काही बोलली नाही. मी तो तिचा विनय समजलो.

परवा दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी दोन चहा घेतले आणि तिला पलीकडच्या फुटपाथवर घेऊन गेलो. म्हटलं, तुला एक सांगायचंय. आणि सगळं कबूल केलं. ऊन वेगळं नव्हतं. ठ खरंच लहान दिसत होता. मी गुपचूप नवा कापून आणला, दहा मिलिमीटर मोठा, आणि तो रेषेखाली आठ मिलिमीटर लोंबतो आहे, आजही, सगळ्यांदेखत. पस्तीस वर्षांत जे केलं नाही ते तुझ्या दुकानासाठी केलं, मोजमाप सोडलं. थोडा गहिवरही आणला आवाजात. त्यातला निम्मा खरा होता.

तिने चहा संपवला. फटीतून पाटीकडे एकदा पाहिलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "जुना ठ फडक्याखाली ठेवूनच थापते मी."